किल्लेदाराचा स्वभाव

खंडेनवमीच्या दुपारी मी माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू सावरत बसेन. ती खोड मला आहे.

वडील गेल्यावर त्याला मीच वाढवलं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर उभा राहून त्याला शिकवलं, आणि तो शिकूनसवरून कोरमंगल्यात व्हिडिओ गेम लिहायला लागला. नोकरी कसली, पोरखेळ, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. त्यांच्या कंपनीत पद्धत अशी, की पात्राचे संवाद लिहिण्याआधी त्याच्या वतीने स्वभावचाचणीची लांबलचक प्रश्नावली भरायची. भावाच्या वाट्याला एक किल्लेदार आला होता. गडाला वेढा पडल्यावर हा दरवाजे बंद करतो आणि आतल्या कुणालाही बाहेर सोडत नाही. आठवडाभर भाऊ जेवताना मला एकेक प्रश्न विचारत होता. कुणी ऐकलं नाही तर काय करता? चूक कळली तर कबूल करता? मी खुशीत येऊन उत्तरं द्यायचो. शेवटी स्वभावाचा प्रकार निघाला, रक्षक. माझी छाती फुगली.

त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "अण्णा, पुढच्या महिन्यात कोरमंगल्याला पीजीत राहायला जाईन म्हणतो."

"या घरातून कोण कुठं जात नाही, सरी? कळलं?" मी म्हटलं. माझ्या लेखी विषय संपला.

आमच्यात खंडेनवमीला पूर्वजांची तलवार पूजेला मांडतात. शेजारी माझे कारखान्यातले पाने, आईची कात्री, भावाचा गेम खेळायचा कंट्रोलर. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. दुपारी पाहतो तर हा कंट्रोलर घेऊन टीव्हीपुढे बसलेला. माझी सणकली.

"स्वल्प बसा अण्णा, शेवट दाखवतो. हा किल्लेदार तुम्हीच आहात."

पडद्यावर किल्लेदाराचा भाऊ पाणी आणायला दरवाजा उघडत होता. किल्लेदाराने त्याला मागून भोसकलं. मग प्रेत मांडीवर घेऊन म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं." हे माझंच वाक्य. भाऊ शाळेत असताना त्याला पट्ट्याने फोडून काढल्यावर मी दर वेळी हेच म्हणायचो.

मी त्याच्या थोबाडीत दिली. ओठ फुटला, तरी तो म्हणाला, "मी जाणार, अण्णा." तेव्हा मी तलवार उचलली. पूजेतली वस्तू हलवली म्हणून चिडलेला मी मारायला पूजेतलीच तलवार घेतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती म्यानात होती, एवढंच नशीब. त्याने हातांनी डोकं झाकलं. मी हाणत राहिलो.

"साकु रे, पुरे! मरेल तो!" आई ओरडत मध्ये पडली. मी तिलाही ढकललं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, आणि त्यानंतरही मी आणखी एक फटका मारला. त्या फटक्याला माझ्याकडे आजही काही कारण नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "जिन्यावरून पडला."

"नाही. अण्णांनी मारलं," भाऊ म्हणाला.

मला लाज वाटायला हवी होती. आधी रागच आला. मग त्याचे सुकलेले ओठ दिसले, म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढे हात केला मात्र, त्याने ओल्या प्लास्टरसकट दोन्ही हात डोक्यावर घेतले. आईने माझ्याकडे न बघता ग्लास काढून घेतला आणि त्याला पाजला.

संध्याकाळी तो तिथूनच कोरमंगल्याला निघाला. मला त्याला थांबवायचं होतं. पण त्यासाठी हात पुढे करावा लागला असता, म्हणून रिक्षा जाईपर्यंत मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो.