वेदीवर ठेवलेला चष्मा

सांधेदुखीच्या टर्पेंटाइन घातलेल्या तेलाचा वास आला, की माझं डोकं अजून तापतं. सत्तरच्या दशकात सेलूला मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. एका रविवारी आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे प्रचारक आले. प्रभू मरणातून उठला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय न मानणाऱ्या शिष्यावर ते तासभर बरसले आणि म्हणाले, "पुरावा मागतो तो दुबळा!" मग साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली आणि मला चेव चढला. उठलो, जाड भिंगांचा चष्मा वेदीवर ठेवला आणि गरजलो, "प्रभूनं दृष्टी दिली, आता हा नको!" काय तो हालेलूयाचा गजर! दुसऱ्या दिवशी एका तान्ह्या पोराच्या खोकल्याच्या बाटलीत मी सांधेदुखीचं तेल भरलं. त्याच्या आईनं बूच काढून हुंगलं म्हणून निभावलं. "ओ कंपाउंडर, लेकरू मारायलाव का माझं? वास बघा की!" तिनं माझ्यावर विश्वास टाकला असता तर? तसाच उठून चर्चमध्येच उतरलेल्या प्रचारकांकडे गेलो, चष्मा परत मागितला. "तुमचा विश्वास कमी पडला," ते थंडपणे म्हणाले, आणि शास्त्रातला दाखला दाखवायला खिशातून स्वतःचा चष्मा काढून नाकावर चढवला. अंगाचा नुसता जाळ झाला. त्यांना चार शब्द सुनवायचे सोडून मी गाढवानं हात जोडले आणि म्हटलं, "आमेन." चर्चला मी आजही जातो, चष्मा लावून. पण त्या एका आमेनची माफी मला स्वतःला अजून देता आलेली नाही.