शिंक पारखणारी प्रेमा

प्रेमा,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच 'बाई, जेवलात का?' विचारतेस, म्हणून कागद घेतला. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण तू ते हसण्यावारी नेतेस आणि तुझ्या शेठनी ते सन्मानपत्रात घातलंय. 'प्रेमाताई आमच्या कुटुंबातीलच एक.' उरलेल्या कुटुंबानं करोनाचे ते महिने लोणावळ्याच्या बंगल्यात काढले, एवढंच लिहायचं राहिलं.

भांडुपच्या शाळेत तू माझ्याकडे विज्ञान शिकलीस, म्हणजे दोनदा नापास झालीस. पण प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची लेबलं वाळवीनं खाल्ली, तेव्हा हातानं वारा घालत नुसत्या वासावर 'हे व्हिनेगर, हे अमोनिया, हे स्पिरिट' असं तू धडाधडा सांगितलंस. एकही चुकलं नाही. अशा नाकाला गुण द्यायची सोय बोर्डाकडे नव्हती.

मसाल्याच्या कारखान्याकडे होती. अठरा वर्षं तू भाजणीच्या ढोलापाशी उभी. आत धने, खोबरं नाहीतर मिरची फिरतेय, तू डोळे मिटून गप्प, आणि तुझा उजवा हात वर गेला की गॅस बंद. ना घड्याळ, ना मीटर. नवरा धाकू गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला, लेक अक्षता शिकली, पार्ल्यात नोकरीला लागली. सगळं त्या वर जाणाऱ्या हातावर.

मग वीस साल उजाडलं. सगळी मुंबई घरात कोंडली, पण मसाला अत्यावश्यक ठरला. म्हणजे तुम्ही अत्यावश्यक नव्हे, मसाला. पहिल्या दिवशी बसमध्ये एका सीटवर एक बाई, फोटो, फुलांच्या पाकळ्या. आठव्या दिवशी एका टेम्पोत वीस बायका, फोटो नाही. गेटवर कपाळाला ती तापाची बंदूक. ती सगळ्यांनाच चौऱ्याण्णव दाखवायची. त्या हिशेबानं तुम्ही साऱ्याजणी बर्फाच्या लादीवर ठेवण्याच्या लायकीच्या होतात.

आणि वर तो नियम! जी शिंकेल, खोकेल ती चौदा दिवस घरी, बिनपगारी. मिरची भाजण्याच्या कारखान्यात! हा ज्यानं काढला त्यानं जन्मात कधी फोडणीला उभं राहून पाहिलं नसणार. नियमाच्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा बायका घरी. तिसऱ्या दिवशी पॅकिंगला कोणी उरेना, तेव्हा सुपरवायझर श्यामसुंदरनं सुधारित फतवा काढला: मिरचीची शिंक चालेल, करोनाची नाही. आणि कुठली शिंक कोणती, हे ठरवणार कोण?

"प्रेमाताई, तुमचं नाक अख्ख्या भांडुपात एक नंबर. तुम्हीच सांगा."

"अहो, मी मसाल्याचा वास घेते, माणसांचा नाही."

"तेच हो, जवळपास."

मग तू शिंका पारखायला लागलीस. सगळ्या मिरचीच्याच ठरवत होतीस, लबाड! एकीलाही घरी जाऊ दिलं नाहीस. फोनवर सांगताना हसून हसून तुला ठसका लागायचा, आणि मी इकडून ओरडायची, "हा कुठला गं?"

त्या सगळ्यात एकटी तू शिंकत नव्हतीस. श्यामसुंदरनं ते हेरलं, शेठना कळवलं, आणि सर्वांत निरोगी कामगार म्हणून तुला 'करोना योद्धा' केलं. सन्मानपत्र हातात घेऊन तू मला फोन केलास तो संडासाच्या मागून. आवाज बसलेला. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणारी तू, त्या दिवशी थेट गावचं बोललीस.

"बाई, माका वासच येणा नाय."

"कशाचा?"

"कशाचोच. मिरची जळली तरी नाय."

मी खडसावलं. आधी घरी बस, तपासणी कर. तू म्हणालीस, तपासणीत निघालं तर कारखान्याला सील, चाळीला सील, साठ बायका घरी. पण मी ऐकलं नाही, आणि तूही शेवटी माझीच विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी गेटवरच नियमाप्रमाणे तीन मोठ्या शिंका दिल्यास.

"मिरची आहे ती, प्रेमाताई. चला आत."

"श्यामसुंदर, अजून ढोल पेटलाय कुठे? ही करोनाची आहे."

"तुम्ही योद्धा आहात हो! आणि ताप बघा, चौऱ्याण्णव."

शिंका पारखायला नेमलेल्या बाईची स्वतःची शिंक कोणी धरेना. अखेर तू पाठ फिरवून चालत घरी गेलीस. मी सांगितल्यावरून बायकांना फोन करून 'मला करोना असणार, तुम्हीही जपा' असं खरं काय ते कळवलंस. इतक्या उशिरा सांगितलंस म्हणून त्यातल्या दोघी तुझ्यावर अजून रागावलेल्या आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

सोळा दिवसांनी परतलीस. मधल्या काळात सहा घाणे करपले होते, त्यामुळे श्यामसुंदर चक्क पाया पडायला आला. पण नाक परतलं नव्हतं, ते आजतागायत परतलेलं नाही. हे फक्त तुला, मला आणि धाकूला माहीत. तू आता कानानं भाजतेस. धने तडतडायचे थांबले की हात वर. खोबऱ्याचा रंग बघतेस. मिरचीचं मात्र अंदाजानं. तक्रार आलेली नाही. पण तक्रारी ज्या नंबरावर येतात तो कोणी उचलत नाही, हे तूच मला सांगितलंस.

गेल्या वैशाखात अक्षताच्या हाती तू तीन पुड्या पाठवल्यास. तुझे तीन दिवसांचे मसाले, वर पेनानं एक, दोन, तीन. मागोमाग तुझा फोन.

"बाई, जरा वास घेऊन खरं सांगा. हे घरी कायम 'बरो आसा गो मसालो' म्हणतात, यांचं काय घेऊन बसता? एकही करपलेली निघाली तर मी दुसऱ्या दिवशी ढोल सोडते. लोकांच्या पोटात जातं ते."

"आज संध्याकाळीच सांगते," मी म्हटलं.

वर्ष होत आलं. तू तीनदा विचारलंस, तीनदा मी 'घेते गं' म्हटलं. चौथ्यांदा तू विचारलं नाहीस, 'जेवलात का?' विचारलंस. माझं नाक ठणठणीत आहे. समोरच्यांचं दूध उतू गेलेलं मला इथे कळतं.

पुड्या टेबलाच्या खणात आहेत, चष्म्याच्या डबीशेजारी. सेलोटेपसुद्धा काढलेली नाही. खण उघडावा लागला तर मी श्वास रोखून उघडते.

तुझी,
बाई