तिखट चालेल ना तुम्हाला?

रविवार आला की आधी माझ्या कंबरेला कळतं. कॅलेंडर बघायची गरजच पडत नाही.

आमचं शेत खामगावकडच्या उंद्रीजवळ. नवऱ्यानं फवारणीची औषधं सोडली, गांडूळखताचे हौद बांधले, देशी गाय आणली, तिथवर मी खूश होते. मग कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की शहरातल्या लोकांना हे दाखवायला पाहिजे, चुलीवरचं खाऊ घालायला पाहिजे. झालं! रस्त्याला पाटी लागली. आता हुरड्याच्या दिवसांत खामगावचे, जालन्याचे, लोणारचं सरोवर बघायला निघालेले पुण्याचे, सगळे आमच्याकडे उतरतात. तो त्यांना बांधाबांधानं फिरवतो, गांडुळं हातावर घेऊन दाखवतो. मी चुलीपुढे. फिरवणाऱ्याला टाळ्या अन् थापणारीला धूर.

त्याचे नियम पण आहेत. आलेल्यांना पाहुणे म्हणायचं, गिऱ्हाईक म्हणायचं नाही. अन् शुद्ध बोलायचं. हा दुसरा नियम एका बाईमुळे आला. मी तिला सहज विचारलं, "तिखट चालते ना वो तुम्हाले?" तर तिनं मोबाइल काढला न् म्हणाली, "किती गोड! परत एकदा म्हणा ना." मी काय रेडिओ आहे? तेव्हापासून मीच एक वाक्य पाठ करून टाकलं: "तिखट चालेल ना तुम्हाला?" गोठ्यात धार काढताना गाईला म्हणून म्हणून जिभेवर बसवलं. आता ते आपोआप बाहेर पडतं. वाढताना मी तोंडाकडे बघतच नाही, ताट अन् पळी एवढंच दिसतं.

आमची मुलगी अकोल्याला दिली आहे. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण आईकडे, हे काय कोणी विचारायची गोष्ट आहे? पण विचारावं लागेल अशी वेळ आम्हीच आणली होती. तिची खोली नवऱ्यानं मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी केली. शेणानं सारवली, कंदील टांगला, दारावर पाटी लावली: 'माहेर'. लोकांना नाव फार आवडलं. फोन येतात, "माहेर रिकामं आहे का?" अन् हा वही न बघता सांगतो, "फुल्ल आहे हो!"

मुलीचेही फोन येत होते. दर वेळी माझी भाकर तव्यावर. "नंतर बोलतो माय," मी म्हणायचे अन् नंतर जेवायच्या आधीच डोळा लागायचा. तिला काय विचारायचं होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. उत्तर द्यायचं त्राण नव्हतं.

त्या रविवारी ती न सांगता आली. अंगणात पंगत बसलेली, माणसं भरपूर. ती गुपचूप शेवटच्या ताटावर जाऊन बसली. मी बेसनाच्या पातोडीचा रस्सा घेऊन ओळीनं वाढत चालले होते. डोळे धुरानं चुरचुरत होते. एक हात पुढे आला, हिरव्या बांगड्यांचा.

"तिखट चालेल ना तुम्हाला?" मी विचारलं.

"चालेल," ती म्हणाली.

मी वाढलं अन् वळले. चुलीपाशी येऊन पातेलं खाली ठेवलं, तेव्हा तो आवाज कानात उतरला. मागे वळून पाहिलं तर माझी पोरगी ताटात बघत भाकर कुस्करत होती. दात यायच्या आधी ठेचा चाटलेली पोर! तिला मी तुम्ही म्हणाले, अन् तिखट चालेल का विचारलं. जळो हे तोंड!

पंगत उठली, लोक पुन्हा शेत बघायला गेले. ती पोट सांभाळत माझ्याजवळ पाटावर येऊन टेकली. चुलीत लाकूड सारलं न् म्हणाली, "आई, मी अकोल्यालेच राहीन म्हणतो."

"काऊन?"

"सासूबाई करतो म्हणतात सगळं. तुह्यानं होत नाही आता. मी आल्यापासून पाहून राह्यली, एकदा तरी बसली का तू?"

रागानं बोलली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते. पण ती मला सांभाळून घेत होती. शेक-शेगडी, तेल, रात्र रात्र जागरण, हे सगळं डोळ्यांपुढे आलं अन् खोटं कशाला सांगू, एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटण्याचीच अशी चीड आली की तव्यावरची भाकर करपली.

तेवढ्यात नवरा पाहुण्यांना घेऊन खोलीपाशी आला. एक बाई पाटीजवळ उभी राहून फोटो काढत होती. "पुढच्या महिन्यात आम्हा मैत्रिणींना हे 'माहेर' मिळेल का हो?"

"मिळेल ना, का नाही!" नवरा म्हणाला.

"नाही मिळत!" मी चुलीपासूनच ओरडले. हातात उलथनं तसंच. "माही पोरगी येऊन राह्यली बाळंतपणाले. तिचं माहेर हाय ते. दुसऱ्याले कशाले देऊ?"

शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी पाटावर पाहिलं. पोरगी त्याला तेव्हा दिसली. सकाळी फाटकात त्यानं तिलाही हात जोडून "या, या" केलं असेल, कोण जाणे.

"तू कवा आली व माय?" एवढंच तो बोलला. मग त्या बाईकडे वळून म्हणाला, "माफ करा ताई. ती खोली देता येत नाही."

"अन् तेवढे दिवस चूलही बंद," मी म्हटलं. "लोकांले गांडुळं दाखवा न् घरी पाठवा."

त्यानं मान हलवली. वाद संध्याकाळी होणार हे मला माहीत होतं. होऊ दे म्हटलं.

लोक गेल्यावर पोरगी उठली. मी नको नको म्हणत होते, तरी तिनं सतरंजी ओढली, मला हाताला धरून बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. करपलेली भाकर स्वतःकडे घेतली अन् चांगली मला दिली. रश्श्यात पळी घातली, अन् माझ्या तोंडाकडे न बघता, अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "तिखट चालेल ना तुम्हाला?"

मी हसायला गेले अन् रडूच फुटलं. रविवारी कोणी मला वाढून दिल्याचं आठवतच नव्हतं.

"चालते व माय," मी म्हटलं. "वाढ."