मागच्या खोलीपर्यंत नेट

फैजपूरला लीलाधरनानांचं घर आहे. रस्त्याला लागून हॉल, पाठोपाठ दोन खोल्या, स्वयंपाकघर, मग अंधारा बोळ आणि बोळाच्या टोकाला खताच्या गोण्या ठेवायची खोली. फायबरची डबी हॉलमध्ये. स्वयंपाकघर ओलांडलं की नेट मेलंच समजा.

हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा होता आणि त्यावर नाना. पत्नी बेबाबाई गेल्या, केळीची बाग मुलाच्या, कुंदनच्या हातात गेली, नानांकडे झोपाळ्याची फळी तेवढी उरली. सकाळचा चहा तिथंच. येणाजाणाऱ्याचा रामराम तिथंच. संध्याकाळी धुळ्याच्या लेकीला, सारिकाला व्हिडिओ कॉल तिथूनच. फळीवरून उठवलं असतं तर फैजपुरात आपण आहोत की नाही हेच त्यांना कळलं नसतं.

पण ओरडल्याशिवाय धुळ्यापर्यंत आवाज जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत. सून मोहिनी पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करायची आणि नेटपायी तिलाही हॉलमध्येच बसावं लागायचं. एकदा तिच्या साहेबांनी आणि वीसेक माणसांनी नानांचा खणखणीत प्रश्न ऐकला, "सारिका, आज पोट साफ झालं का?" त्या रात्री मोहिनी जेवली नाही. कुंदन म्हणाला, आता मेश बसवू.

जळगावला दुकानात नाना हट्टानं बरोबर गेले. घरभर दोन-तीन डब्या ठेवायच्या, एकीनं दुसरीला नेट द्यायचं, असं दुकानदारानं समजावलं. नानांनी मान डोलावली. उभ्या आयुष्यात त्यांनी ठिबकच्या नळ्याच अंथरल्या होत्या, हे त्यांना नवं नव्हतं.

"दोन डब्यांत भागेल," कुंदन म्हणाला.

"तीन घे. आन् शेवटचीले वायर टाक, हवेवर सोडू नको. पह्यल्या खोडाले त कोणीबी पाणी पाजतं. शेवटच्या खोडाले पोचलं, त बाग."

"नाना, त्या गोण्यांच्या खोलीत बसणारे कोण?"

"आज नही, उद्या बशीन कोणी."

वाहवा. माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, तर असा, मोजून मापून आणि वायर टाकून. घरी आल्यावर मोहिनी म्हणाली, "नानांना किती कळतं." लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांचं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. म्हातारा दोन दिवस फुलून गेला होता.

आठवड्यात गोण्या शेतावर गेल्या, खोलीला चुना लागला, खाट आली. "मागे किती शांत आहे, नाना. सारिकाताईंशी मनमोकळं बोलता येईल," मोहिनी म्हणाली. नानांनाही ते पटलं. संध्याकाळच्या कॉलपुरते जाऊ लागले. मग तिच्या मीटिंगमध्ये मागं कड्या दिसतात म्हणून झोपाळा उतरवला. फळी शेतातल्या पंपाच्या खोलीत गेली आणि हॉलमध्ये राखी रंगाचा सोफा आला. नाना त्यावर एकदाच बसले. मोहिनीनं त्यांच्यासमोरच कव्हर काढून धुवायला टाकलं.

मग ताटही मागेच येऊ लागलं. पुढं पुढं ताट ठेवून कामवाली बाई निघून जायची आणि मोहिनी हॉलमधून व्हिडिओ कॉल करायची, "जेवलात ना?" नाना रिकामं ताट फोनला दाखवायचे. गरज सरो, वैद्य मरो. पण इथं वैद्यानंच आपली खाट उचलून मागं नेली होती, तक्रार करणार कोणाकडे?

सारिकानं विचारलं, "नाना, झोपाळा दिसत नाही?"

"इथं गार वाटतं," नाना म्हणाले. सासुरवाशीण लेकीच्या जिवाला घोर कशाला?

आणि एका दुपारी सुपडू आला. यावलचा सुपडू, लहानपणापासूनचा दोस्त, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला. बोळातून त्याचा आवाज आला तसे नाना खाटेवरून उठले. टोपी घातली, सदऱ्याची बटणं लावली, दाराशी पोचले, तोच फोन वाजला.

कुंदन होता. "उठू नका नाना, बोळात पाय घसरेल. इथूनच बोला," म्हणत त्यानं फोन सुपडूसमोर धरला.

सुपडू राखी सोफ्यावर अवघडून बसला होता. त्याच्या डोक्यावर छताचा हूक रिकामा दिसत होता. "काय रे लीलाधर, कुठी हाये तू? पोरीकडे धुळ्याले गेला का?"

प्रत्येक शब्द नानांना दोनदा ऐकू आला, एकदा बोळातून, एकदा फोनातून. नाना थांबले. आता कुंदन म्हणेल, नाही सुपडूभाऊ, मागेच आहेत, या. कुंदन खिडकीबाहेर बघत राहिला.

खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत यावलपासून सावद्यापर्यंत लोक पोराच्या नावानं थुंकले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"हो," ते म्हणाले, "धुळ्याले हाये. पोरगी सोडत नही."

"नशीबवान हायेस. आन् नेट त असं हाये, जसा बाजूलेच बसेल हायेस." सुपडू हसला. "घरी आला का सांग. झोपाळा परत टांगू, त्यावर बसून चहा पिऊ."

त्याची काठी रस्त्याला लागल्याचा आवाज आला. नानांनी टोपी काढून खाटेवर ठेवली. पुन्हा फोन वाजला.

"बरं केलंत, नाना," कुंदन म्हणाला. "आता थोडे दिवस पुढे येऊ नका. गावात सगळ्यांना धुळ्यालाच आहात म्हणून सांगतो. आणि बोलताना आवाज जरा कमी, रस्त्यावर ऐकू जातो."

संध्याकाळी सारिकाचा कॉल आला. नाना बोलत होते, पण तिला ओठ हलताना नुसते दिसत होते.

"नाना, आवाज येत नाही. नेट गेलं का?"

नानांनी फोन तोंडाशी नेला.

"नही, बाई," ते कुजबुजले. "नेट फुल हाये."