जिन्याची पाटी

खालच्या मजल्यावरचे शेजारी साठीला टेकलेत. तरी राखीव सैनिक म्हणून स्वतःहून उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्यावर गस्तीला जातात. परतले की वाळूने भरलेले बूट काढून पायरीवरच बसून राहतात. बघूनच मला दमायला होतं.

आमच्याकडे त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. पाटी त्यांच्याकडे असली की ते जर्मनमध्ये "आल्झो", म्हणजे 'चला तर', म्हणत उठतात आणि बादली आणतात. "राहू द्या, मी पुसतो," म्हटलं तर चिडतात. "पाटी कोणाच्या दाराला आहे?"

काल त्यांनी आठवडा अर्धा असतानाच पाटी आमच्या दाराला अडकवली.

"या वेळी परत कधी यायचं, ते लष्कराने सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

ते गेल्यावर पाहिलं, जिना ओला होता.