चैत्रातला नाताळ

मामीचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. "रूथ, मामा गेले गं..." एवढंच ती बोलली. फाल्गुन अर्धा सरला होता, आणि व्हरांड्यात उभी असताना माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मामांची माणसं अजून परतायचीत. शांतवनमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, केजमधल्या आमच्या लहानशा चर्चचे पाळक. त्यांच्या अंत्यविधीला निम्मी मंडळी नव्हती. ती ऊसतोडीला गेलेली होती.

काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून शिकून परत आले. तिथल्या चर्चमध्ये गीतं पडद्यावर दिसायची, गिटार, ड्रम, रंगीत दिवे, आणि तरुणांची ही दाटी! आमच्याकडं पेटी, तबला आणि वीसेक म्हातारी माणसं. आम्ही चार-पाच जणांनी मामांना गाठलं. "मामा, काळाबरोबर बदललो नाही तर दाराला कुलूप लागेल." ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "लावा की पडदा. माझी काय ना न्हाई." कमिटीतल्या जुन्या पंचांची समजूतही त्यांनीच घातली. पहिले दोन रविवार चर्च गच्च भरलं, पोरं मोबाईल उंच धरून शूटिंग करत होती. पाचव्या रविवारी पुन्हा तीच वीसेक म्हातारी. त्यांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं आणि गीतं तर तोंडपाठ होती, त्यामुळं ती डोळे मिटून गात होती. मी रडकुंडीला आले. 'मी सांगितलं होतं' असं मामा एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी स्कूटरला किक मारली. "बस मागं. जे येत न्हाईत त्येंनाच इचारून येऊ, कावून येत न्हाईत ते."

युसूफ वडगावकडच्या वस्तीत आमची बरीच घरं आहेत. त्या दिवशी बहुतेक दारांना कुलपं होती. एका अंगणात एक आजी तीन नातवंडांना भरवत बसली होती. ती म्हणाली, "दिवाळी झाली की समदी उसाला जात्यात. नाताळाचं काय घिऊन बसला पाळकसाहेब, आमी लेकरांची तोंडं बी पाडव्याला बघताव." 

पुढच्या कमिटीत त्यांनी सांगून टाकलं, डिसेंबरचा नाताळ आहे तसा राहील, पण माणसं परतल्यावर चैत्रात आणखी एक होईल. सगळ्यात वयस्क पंच, याकोबकाका, ताडकन उठले. "पोरांचा पडदा सोसला. आता सणाची तारीख बी बदलता? लोक हसतील, शांतवन!" मामांनी आवाज चढवला नाही. "तारीख पुस्तकात कुठं हाय ते दावा, काका. मेंढपाळ रानात कामावर व्हते. देवदूत तिथं गेलता. तुमी कावून आला न्हाईत, असं त्यानं इचारलं न्हाई." याकोबकाका निघून गेले ते चार महिने उपासनेला फिरकले नाहीत. मामांना ते फार लागलं. उपदेश करताना त्यांची नजर सारखी दाराकडं जायची.

चैत्रात सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, लिंबाच्या झाडाला कागदी चांदण्या टांगून आम्ही नाताळ केला. सतरंज्या कमी पडल्या. मामा मरियेची गोष्ट सांगत होते, उतारशाळेत जागा नव्हती, इथवर आले होते, तेवढ्यात नुकतीच ऊसतोडीहून परतलेली सुनीता कडेवर मूल घेऊन उभी राहिली.

"मामा, बाळंतपनाला तिच्यापाशी कुनी बाई व्हती का?"

मामांनी कागदावरून मान वर केली. "पुस्तकात लिव्हलं न्हाई, बाई. मला ठावं न्हाई."

"मंग नसंल. माझ्यापाशी बी न्हवती."

आणि तिनं सांगितलं. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे खोपटंच, नवरा फडात गाडी भरायला गेलेला, शेजारच्या कोपीतली सोळा वर्षांची पोर धावत आली, तिला काहीच येत नव्हतं, ती नुसता हात धरून बसली... मामांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. "आजचा उपदेश झाला," ते म्हणाले. मी पेटीवर बसले आणि गीताचा सूर धरला. कुंपणाबाहेर उभे असलेले याकोबकाका आत आले आणि मागच्या सतरंजीवर बसले.

चर्चनं काळाप्रमाणं बदलावं का, असं मला आज कुणी विचारलं तर मी बेधडक हो म्हणते. पडदा अजून आहे, आम्ही तो वापरतोही. पण मी शहरातला काळ उचलून आणला होता. मामांनी इथल्या माणसांचा काळ विचारून घेतला, ती कधी जातात आणि कधी येतात. त्या चैत्रानंतर आमचं चर्च रिकामं राहिलेलं नाही.

परवा यंदाचा चैत्रातला नाताळ झाला, मामांशिवाय पहिला. त्या सकाळी ते फाटकात माठ घेऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पेला भरून द्यायचे. चर्चच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांनाही म्हणायचे, "लांबून आलात, आदी पानी घ्या." यंदा माठ मीच भरायचा म्हणून लवकर गेले, तर तो काठोकाठ भरलेला. शेजारी सुनीता पदर खोचून उभी. तिनं पेला बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"लांबून आलात, बाई. आदी पानी घ्या."

मी चार घरं सोडून राहते. पेला दोन्ही हातांत घेतला आणि सगळं पाणी प्यायले.