शाफ्टचं शेवटचं माप

नवरा गेल्यावर लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना मी बंद केला नाही. माझे वडील, भाऊ, सगळी ऑफिसात बसणारी माणसं. त्यांना ते पटलं नाही. आमच्याकडे वीजकेंद्रांच्या पंपांचे शाफ्ट बनत. धातू कापायच्या लेथवर चाचा होते, नवऱ्याबरोबर पहिल्या दिवसापासूनचे, त्यांना 'भाऊ' म्हणणारे. फोन आणि ऑर्डरी तेवढ्या मी सांभाळायची.

माझ्या हाताखालून गेलेला पहिलाच शाफ्ट परत आला. त्यावर बेअरिंग बसेना. केसभरही नसेल, इतका तो जाड राहिला होता.

चाचांनी त्याच्यावरून हात फिरवला.

"भाभी, खोटं कायले बोलू? मायक्रोमीटरच्या बारीक रेघा मले दिसत नाही. डोळ्याचं ऑपरेशन केलं, तरी नाही. मी कापत होतो, शेवटचं माप भाऊ वाचत होते. त्याईनं कोणाले सांगितलं नाही."

मलाही नाही. रोज रात्री जेवताना कारखान्याच्याच गप्पा व्हायच्या आमच्या, पण हे त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं. चाचांची लाज राखली म्हणून मला बरंही वाटलं आणि एकटंही.

"उद्यापासून येत नाही मी. दुसरा माणूस पाहा."

"चाचा, मला माप वाचायला शिकवा."

शाफ्ट पुन्हा लेथवर चढला. चाचा जरासं कापून मशीन थांबवत, मी आकडा सांगे. आधी मी मायक्रोमीटर आवळून टाकायची.

"जोर नाही लावायचा, भाभी. टिकटिक वाजली का सोडा."

दुपारी डबे उघडताना चाचांनी सवयीने तिसरं स्टूल ओढलं. ते रिकामंच राहिलं.

शाफ्ट परत गेला, आणि या वेळी बेअरिंग बसलं. पंप सुरू झाल्याचा वीजकेंद्रातून फोन आला. "शुक्र आहे," म्हणत चाचा नमाजला गेले. मी घाटंजीला भावाला फोन लावला.

"बरं झालं," तो म्हणाला. "नाव चांगलं आहे तोवर विकून टाक."

मला रेघांबद्दल सांगायचं होतं. मी त्याच्या मुलांची चौकशी करून फोन ठेवला. बंद लेथजवळ बसले आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्या आठवणीने खूप रडले.

चाचा परतले. माझे डोळे पाहून त्यांनी मायक्रोमीटर पुसून माझ्या हातात दिला. आम्ही पुढचा शाफ्ट चढवला.